स्वस्त टॅबलेट : कोणाला पुरतो, कोणाला नाही

टॅबलेट घ्यायचं ठरलं की बहुतेकांची गाडी तीन पर्यायांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे सगळ्यात कमी पैशांत मिळणारा आठ ते दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट. दुसरा त्याच्या एक पायरी वरचा, अकरा इंची. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस, रेडमी पॅड एसई, लेनोवोचा टॅब एम११ ही मंडळी त्या पायरीवरची. आणि तिसरा ॲपलचा साधा आयपॅड, जो बजेटबाहेर असतो पण मनातून जात नाही.

माझं मत आधीच सांगते. रोजच्या वापरासाठी मधली पायरी पैसे वसूल करून देते. सगळ्यात खालची बहुतेकदा देत नाही, आणि आयपॅडवरचा जादा खर्च दोनच प्रकारच्या लोकांच्या सार्थकी लागतो. रोजचा वापर म्हणजे व्हिडिओ पाहणं, वाचणं, व्हिडिओ कॉल, ईमेल, मुलांचा अभ्यास, थोडंफार इंटरनेट. मोठे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर स्वस्त टॅबलेटचा विचारच करू नका.

वाचण्यासाठी

टॅबलेट घेताना लोक प्रोसेसरचं नाव विचारतात, रॅम विचारतात. पडद्याचं रिझोल्यूशन, म्हणजे त्यावर किती ठिपके आहेत ते, मात्र फार कमी जण बघतात, आणि वाचणाऱ्या माणसासाठी सगळा खेळ तिथेच आहे.

समजा तुम्हाला ए४ आकाराची पीडीएफ वाचायची आहे. सरकारी कागद, पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकाची स्कॅन प्रत, काहीही. पानाची रुंदी २१० मिलिमीटर. अकरा इंची पडदा उभा धरला की त्याची रुंदी साधारण १४८ मिलिमीटर भरते, म्हणजे ए४ चं पान ए५ एवढं होऊन दिसतं. १०.१ इंची पडद्यावर तेच पान १३६ मिलिमीटरमध्ये कोंबावं लागतं. सॅमसंगच्या ८.७ इंची टॅब ए९ वर तर ११३ मिलिमीटरमध्ये.

नुसत्या आकाराने मात्र भागत नाही. त्या रुंदीत ठिपके, म्हणजे पिक्सेल, किती आहेत ते बघा. स्वस्तातल्या टॅबलेटचा पडदा बहुधा १२८० बाय ८०० किंवा १३४० बाय ८०० असतो. उभा धरला की रुंदीत ८०० ठिपके. मधल्या पायरीवर १९२० बाय १२००, म्हणजे रुंदीत १२००. दहाव्या पिढीपासूनच्या साध्या आयपॅडवर १६४०. आता पानावर १० पॉइंटचा मजकूर असेल, तर एका ओळीतल्या अक्षराच्या वाट्याला उंचीत साधारण किती ठिपके येतात? पहिल्यावर १३, दुसऱ्यावर २०, आयपॅडवर २७.

इंग्रजी अक्षर १३ ठिपक्यांत कसंबसं भागवून नेतं. देवनागरीचं तसं नाही. वर वेलांटी आणि अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षर, खाली उकार, एवढ्या सगळ्यांनी त्या १३ ठिपक्यांत मावायचं. मग ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक दिसायला थांबावं लागतं, ‘भ’ चा ‘म’ वाटतो, ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध्य’ सारखं जोडाक्षर म्हणजे नुसता डाग. पान मोठं करावं तर प्रत्येक ओळीला ते डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. अर्ध्या तासात डोळे दुखतात आणि टॅबलेट बाजूला पडतो. २० ठिपक्यांवर ही अडचण जवळपास मिटते. २७ वर आणखी छान दिसतं हे खरं, पण १३ वरून २० वर येताना जेवढा फरक जाणवतो तेवढा २० वरून २७ वर जाताना जाणवत नाही. म्हणूनच मधली पायरी मला वसूल वाटते.

एक गोष्ट लक्षात घ्या. अलीकडच्या अनेक फोनचा पडदा रुंदीला १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे ८०० ठिपक्यांचा टॅबलेट घेतला तर ए४ चं पान आकाराने मोठं दिसेल, पण फोनपेक्षा कमी तपशिलात. वाचायला म्हणून टॅबलेट घ्यायचा आणि तो फोनहून पुसट दिसायचा, याला अर्थ नाही. ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये अक्षर मोठं करता येतं, तिथे हा त्रास कमी होतो. पण आपल्याकडे येणारं वाचन अजून मोठ्या प्रमाणावर पीडीएफमध्येच येतं.

पाहण्यासाठी

इथे स्वस्त टॅबलेट आयपॅडला चक्क मागे टाकतो. १६:१० प्रमाणाचा (लांबी १६ तर रुंदी १०) अकरा इंची पडदा आडवा धरला की चित्रपटाची रुंदी सुमारे २३७ मिलिमीटर भरते, आयपॅडवर सुमारे २२७. आयपॅडचा पडदा जास्त चौकोनी असल्यामुळे त्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्याही जास्त उरतात. टॅब ए९ प्लस आणि रेडमी पॅड एसई या दोघांनाही चार स्पीकर आहेत, साध्या आयपॅडला दोन.

फक्त एक तपासा : वाइडवाइन एल१. चित्रपटांची ॲप्स हे प्रमाणपत्र पाहून चित्राचा दर्जा ठरवतात. टॅबलेटला फक्त एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारखं ॲप एचडी दाखवतच नाही. तुमचा पडदा कितीही चांगला असो, तुम्ही कितीही महागाचा प्लॅन घेतलेला असो. नामांकित कंपन्यांच्या मधल्या पायरीवर ही अडचण सहसा येत नाही, अनोळखी ब्रँडमध्ये हमखास येते.

वेगाचं काय

दुकानात टॅबलेट हातात घेतला की सगळेच झटपट चालतात, कारण त्यात काहीच भरलेलं नसतं. खरी परीक्षा सहा महिन्यांनी होते, आणि तेव्हा आडवी येते ती रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी जागा, आणि साठवणूक.

रॅम कमी पडणं म्हणजे काय ते असं दिसतं. ब्राउझरमध्ये तुम्ही एखादा लांबलचक फॉर्म भरताय. मध्येच एक क्रमांक बघायला ईमेल उघडता, परत येता, आणि पान पहिल्यापासून लोड होतं. भरलेलं सगळं गायब. टॅबलेट बंद पडलेला नाही, त्याने जागा करायला तुमचं पान टाकून दिलं, एवढंच. २-३ जीबीवर हे रोजचं दुखणं होतं. ४ जीबीवर क्वचित होतं. ६ किंवा ८ जीबी मिळत असेल तर बाकी कशातही थोडी तडजोड करा, पण ती घ्या. खोक्यावर ‘४+४ जीबी’ असं लिहिलेलं असेल तर खरी रॅम पहिल्या आकड्याएवढीच समजा. दुसरा आकडा साठवणुकीतून उसना घेतलेला असतो आणि ती जागा रॅमच्या मानाने खूपच मंद असते.

साठवणुकीतही दोन जाती आहेत, ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी हा एकपदरी पूल आहे : एका वेळी वाचन तरी होईल, नाहीतर लेखन. यूएफएसवर दोन्ही एकदम चालतं. मागे ॲप्स अपडेट होत असताना तुम्ही काही उघडायला गेलात आणि टॅबलेट दोन-तीन सेकंद गप्प बसला, तर बऱ्याचदा कारण हेच असतं. बजेट टॅबलेटमध्ये ईएमएमसी सर्रास सापडते, त्यामुळे ती टाळता आली नाही तरी निदान भरू देऊ नका. ६४ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइड आणि आधीपासूनची ॲप्सच खातात. उरलेली काठोकाठ भरली की वेग आणखी उतरतो. या टॅबलेटना मेमरी कार्ड लावता येतं, ही जमेची बाजू. आयपॅडला ती सोय नाही, मात्र २०२५ च्या साध्या आयपॅडमध्ये मुळातच १२८ जीबी जागा दिली आहे.

प्रोसेसरबद्दल फार डोकं लावू नका. स्नॅपड्रॅगन ६८० असो की हेलिओ जी८८, वर सांगितलेल्या कामांना दोन्ही पुरतात. ॲपलची चिप कितीतरी वेगवान आहे यात वाद नाही, पण बातमी वाचताना किंवा कॉलवर बोलताना तो वेग वापरात येतच नाही.

किती वर्षं टिकेल

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि जाहिरातीत नेमका हाच नसतो. टॅबलेट फोनसारखा दर दोन-तीन वर्षांनी बदलला जात नाही. घरात पाच-सहा वर्षं फिरतो, आधी मोठ्यांकडे, मग मुलांकडे. तो धडधाकट असताना निकामी होतो तो सॉफ्टवेअरमुळे. २०२५ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने अँड्रॉइड ८ आणि ९ चा आधार काढून घेतला. त्या आवृत्तीवर अडकलेल्या टॅबलेटचा पडदा, बॅटरी सगळं ठीक असलं तरी त्यातला ब्राउझर आता सुरक्षा दुरुस्त्यांविना चालतो. बँकेची अनेक ॲप्स तर अशा जुन्या आवृत्त्यांना आधीच दार लावतात.

या बाबतीत आयपॅडला तोड नाही. २०२० सालच्या आठव्या पिढीच्या आयपॅडवर २०२५ चं आयपॅडओएस २६ चालतं. जादा पैसे कशाचे, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच : या वर्षांचे. एकदा घेऊन सहा-सात वर्षं बघायचं नाही असं ज्यांनी ठरवलंय, त्यांना आयपॅड वर्षाच्या हिशोबाने महाग पडत नाही. अँड्रॉइड घेणाऱ्यांनी मॉडेलचं नाव टाकून दोन प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या संकेतस्थळावरून काढावीत. आणखी किती अँड्रॉइड आवृत्त्या मिळणार, आणि सुरक्षा अपडेट कुठल्या सालापर्यंत? उत्तर कुठेच लिहिलेलं नसेल तर ते नाही असं धरून चाला. शिवाय हा काळ मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सवलतीत मिळतंय म्हणून उचलताना ही दोन वर्षं वजा करा.

चार्जिंगचं थोडक्यात : रेडमी पॅड एसईची बॅटरी ८००० एमएएच आहे आणि चार्जिंग १० वॉटचं, त्यामुळे पूर्ण भरायला चार तासांच्या आसपास लागतात. रात्री लावून ठेवणाऱ्याला फरक पडत नाही. टॅब ए९ प्लस १५ वॉट घेतो. वजन सगळ्यांचंच अर्धा किलोच्या आतबाहेर, एका हाताने फार वेळ धरवत नाही. झोपून वाचणाऱ्याला ८.७ इंची हलका वाटेल, पण त्याचे ८०० ठिपके विसरू नका.

लिहायचं असेल तर

आयपॅडचा खर्च ज्यांच्या सार्थकी लागतो असे दुसरे लोक म्हणजे हाताने लिहिणारे. गणितं सोडवणारे विद्यार्थी, पीडीएफवर खुणा करणारे शिक्षक, चित्रं काढणारे. ॲपल पेन्सिलने लिहिताना तळहात पडद्यावर टेकला तरी रेघा उमटत नाहीत. टॅब ए९ प्लसला सॅमसंगचं स्वतःचं एस पेन चालतच नाही. बाजारात मिळणारी रबरी टोकाची पेन्सिल म्हणजे फक्त काडीला लावलेलं बोट, तिने नोट्स होत नाहीत. मधल्या पायरीवर पेन हवंच असेल तर लेनोवोच्या टॅब एम११ ला ती सोय आहे. त्याने अभ्यासाच्या नोट्स होतात, चित्रकलेची अपेक्षा ठेवू नका.

टाइप करण्याचं काम जास्त असेल तर टॅबलेटच घेऊ नका. टॅबलेट, वर कीबोर्ड, वर स्टँड अशी बेरीज साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते आणि काम लॅपटॉपइतकं सुटसुटीत होत नाही.

अनोळखी ब्रँड आणि जुना आयपॅड

बजेट फारच कमी असेल तर मोह होतो तो कधी न ऐकलेल्या नावाच्या टॅबलेटचा, ज्याच्या खोक्यावरचे आकडे नामांकित कंपन्यांपेक्षा मोठे असतात. इथे माझं म्हणणं ठाम आहे : घेऊ नका, मुलांसाठी तर मुळीच नाही. २०२५ मध्ये उघडकीला आलेल्या बॅडबॉक्स २.० या घातक सॉफ्टवेअरच्या जाळ्यात गूगलचं प्रमाणपत्र नसलेली एक कोटीहून जास्त अँड्रॉइड उपकरणं सापडली. त्यात टीव्ही बॉक्स होते, प्रोजेक्टर होते आणि स्वस्त टॅबलेटही. काहींमध्ये घातक सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हातात पडण्याआधीच भरलेलं होतं. घरात असा टॅबलेट असेल तर प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ पाहा. तिथे गूगलच्या प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे की नाही ते लिहिलेलं असतं. नसेल तर त्यात बँकेचं किंवा ईमेलचं खातं ठेवू नका.

ॲमेझॉनचे फायर टॅबलेट या गटातले नाहीत, ते दर्जाने नीट असतात. पण त्यात गूगल प्ले नाही, ॲप्स ॲमेझॉनच्याच दुकानातून घ्यावी लागतात. तुमची नेहमीची ॲप्स तिथे आहेत का, हे आधी बघा.

अनोळखी नव्यापेक्षा वापरलेला आयपॅड केव्हाही बरा. २०२१ सालचा नवव्या पिढीचा आयपॅड आजही नवीन आयपॅडओएसवर चालतो आणि त्याच्या पडद्याला रुंदीत १६२० ठिपके आहेत. घेताना विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या ॲपल खात्यातून बाहेर पडायला आणि आयपॅड रीसेट करायला सांगा. त्यानंतर तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक अजून लागलेलं आहे, सौदा तिथेच थांबवा. या पिढीच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसत नाही, म्हणून पूर्ण उजेडावर वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा आणि चार्ज किती उतरतो ते पाहा. दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.