परक्याची मेल पुढे न ढकलणारा सर्व्हर: आमच्या जिनिंगमधलं पोस्टफिक्स

पांढरकवड्याजवळच्या जिनिंगमध्ये हिशोबासोबत कॉम्प्युटरही मीच पाहतो. कोईम्बतूरच्या गिरण्यांना गाठींचे लॉट रिपोर्ट, ब्रोकरला बिलं, सगळं आमच्या डोमेनवरून जातं. ऐन सीझनमध्ये मेल परत येऊ लागल्या. "काहो भाऊ, रिपोर्ट काहून जाऊन नाही राह्यला?" शेठजी विचारत. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर आमच्या सर्व्हरवरून परक्या पत्त्यांवर औषधांच्या जाहिराती चाललेल्या. जुनं मेल सॉफ्टवेअर कोणाचीही मेल कोणालाही पाठवत होतं, आणि आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅमहाऊस या संस्थेच्या स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत जाऊन बसला होता; म्हणून मेल परत येत होत्या.

म्हणून उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर पोस्टफिक्स हे मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर बसवलं. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मला सगळ्यात आवडली ती त्याची मूळची शिस्त. आपल्या डोमेनसाठी आलेली मेल कोणाकडूनही घेईल, पण बाहेरच्याने बाहेरच्यासाठी दिलेली घेणार नाही. आवृत्ती २.१० पासून त्यासाठी रिले (मेल पुढे ढकलणं) रिस्ट्रिक्शन्सची वेगळी ओळच आहे: आधी आपलं नेटवर्क, मग पासवर्डने आलेला, बाकीच्यांना नकार. उबुंटूत हा नकार 'डिफर' म्हणजे तात्पुरता असतो, समोरचा पुन्हा येऊ शकतो. तिथे 'रिजेक्ट', म्हणजे कायमचा नकार, करून घ्या.

खरी गोम राऊटरमध्ये निघाली. चालू करण्याआधी बाहेरच्या लाईनवरून टेलनेट या साध्या प्रोग्रामने पोर्ट २५ ला, म्हणजे सर्व्हरच्या मेल घेणाऱ्या दाराला, जोडून पाहिलं. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही पत्ते परके दिले, तरी मेल घेतली! लॉगमध्ये बाहेरचं प्रत्येक कनेक्शन १९२.१६८.१.१ वरून, म्हणजे राऊटरच्याच पत्त्याने आलेलं दिसत होतं. ऑफिसच्या मशीनसाठी १९२.१६८.१.० ची सगळी रेंज 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या यादीत, होती, त्यामुळे पोस्टफिक्सला अख्खं जग घरचंच वाटत होतं. ती रेंज काढली, फक्त १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हर स्वतः, ठेवलं. आता वजनकाट्यावरचा कॉम्प्युटरसुद्धा पोर्ट ५८७ या वेगळ्या दारावर पासवर्ड देऊनच मेल पाठवतो. पुन्हा तपासलं तेव्हा उत्तर आलं: '५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड', म्हणजे परक्याची मेल पुढे नेणार नाही. लई बरं वाटलं.

लाईट गेली तरी रांगेतल्या मेल डिस्कवर राहतात, आणि न गेलेली मेल पाच दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवून पाहिली जाते. आमच्या भारनियमनाच्या भागात ही मोठीच सोय.

उणिवाही आहेत. बटणांची स्क्रीन नाही, सगळं मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने लिहावं लागतं, एक चुकीचा शब्द पडला की मेल बंद. कोणाचा सोपा पासवर्ड फुटला तर चोर 'आपला माणूस' म्हणूनच आत येतो. ते पोस्टफिक्सच्या एकट्याच्या हातातलं नाही, सोबत पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारं फेल२बॅन लावावं लागलं. स्पॅमहाऊसच्या यादीतून नाव काढायचा अर्जही आपणच करायचा, आणि तोही गळती बंद केल्यावरच.

ज्यांच्याकडे स्थिर (न बदलणारा) आयपी आहे आणि रोज लॉग पाहणारा माणूस आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. लॉग पाहणारा कोणीच नसेल तर महिन्याचे पैसे भरून तयार मेलसेवा घेतलेली बरी.