वेब डिझाईनचा क्लास लावायच्या आधी हे वाचा: कॉलेजच्या लॅबमध्ये दोन वर्षं टेक असिस्टंट होते, त्याचा रिव्ह्यू

वेब डिझाईन शिकायचंय, कुठला क्लास लावू, असं आत्तापर्यंत मला चार-पाच जणांनी विचारलंय, बहुतेक एफवाय-एसवायची मुलं, आणि दरवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाईप करते म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी क्लास पण केलाय आणि कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विद्यार्थी असिस्टंट म्हणून दोन वर्षं काम पण केलंय, त्यामुळे दोन्हीबद्दल बोलू शकते. कॉलेज दादर-परळ पट्ट्यातलं आहे, नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत. लॅबच्या कामाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, क्लासला अडीच.

क्लासचं पटकन सांगते. ३८ हजार फी, चार महिने, शनिवार-रविवार. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं दिसणं) क्रमाने शिकवलं, फ्लेक्सबॉक्स म्हणजे पानावरच्या गोष्टी ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत मला तिथेच समजली, सर पण चांगले होते. पण बॅचमधल्या आम्ही सगळ्यांनी एकाच पिझ्झा रेस्टॉरंटची एकच साईट बनवली, त्यात भरायला मजकूर पण खोटा, इंग्लिश, आणि ती साईट आमच्या घरच्यांशिवाय कोणीच उघडली नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं की प्रॉब्लेम इथेच आहे. साईट कोणी वापरतच नसेल तर ती चुकलीय हे तुम्हाला सांगणार कोण?

लॅबचं काम मला कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेतून मिळालं. ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांनी काम करून शिकायचं हा तिचा पायाच होता, तेव्हा मुलं शेतात राबायची, आता आम्ही प्रोजेक्टरच्या केबला ओढतो एवढाच फरक. इंटरव्ह्यूला मला वाटलं कोडिंग विचारतील. लॅबच्या मॅडमनी शिपाई काकांना बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "काकांच्या फोनमधला फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला शिकव. माऊसला तू हात लावायचा नाही, हात पाठीमागे ठेव." दहा मिनिटं लागली, घाम फुटला, कारण मी "ते फोल्डर उघडा" म्हणत होते आणि काका विचारत होते फोल्डर म्हणजे यातलं कुठलं गं? मग मी म्हटलं, "काका, ती पिवळी फाईल दिसतेय ना, तिच्यावर दोनदा टकटक करा." झालं. मॅडमनी तिथल्या तिथे घेतलं मला. हात मागे ठेवायचा हा नियम पुढे दोन वर्षं होता, कोणी काहीही विचारायला आलं तरी त्याचा माऊस घ्यायचा नाही, आणि खरं सांगते, डिझाईनमधलं सगळ्यात मोठं शिक्षण मला यातूनच मिळालं, माणूस स्क्रीनवर आधी कुठे बघतो, कुठे अडतो, कुठला शब्द त्याला कळत नाही, हे तुम्ही हात मागे ठेवून उभे राहिलात तरच दिसतं.

पहिले दोन महिने प्रिंटर, पिना, प्रोजेक्टर. लॅपटॉपचं चित्र पडद्यावर येत नसेल तर विंडोज आणि पी एकत्र दाबा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच येतं. पुढे.

मग दिवाळीनंतर साईटचं काम आलं, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण हेच सांगायला बसलेय. आमच्या कॉलेजच्या साईटवर नोटिसा म्हणजे स्कॅन केलेल्या कागदाचे फोटो असायचे. का तर ऑफिसमध्ये सगळं अजून श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप व्हायचं, आणि ते साईटवर पेस्ट केलं की मराठीच्या जागी इंग्लिश अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची, म्हणून मग प्रिंट काढा, सही-शिक्का मारा, स्कॅन करा, टाका. दिसायला ठीकच होतं. पण आमच्याकडे टीवायला एक दृष्टिहीन मुलगा होता, तो लॅबमध्ये एनव्हीडीए लावून बसायचा, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर, मराठी पण वाचतं ते. एकदा त्याने मला बोलावलं आणि त्याचा एक हेडफोन माझ्या कानात दिला. परीक्षेच्या फॉर्मची नोटीस होती, शेवटची तारीख जवळ आलेली, आणि कानात काय येतंय तर ग्राफिक, ग्राफिक, लिंक, ग्राफिक. बास. कारण फोटोत अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं. तो अजिबात चिडला नाही, म्हणाला, "दरवेळी कोणाला तरी वाचून दाखव म्हणावं लागतं गं." मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण त्याच आठवड्यात मी त्याच पानाचा रंग निळा का मोरपंखी यावर दोन दिवस घालवले होते.

मग आम्ही तिघं असिस्टंट आणि मॅडम मिळून सगळ्या नोटिसा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाईलवर मराठी मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणायला बसलो. कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं आणि रफार गडबडतात, त्यामुळे प्रत्येक ओळ डोळ्याखालून घालावी लागते. या कामात मराठीच्या वेब डिझाईनबद्दल जे कळलं ते क्लासमध्ये एका शब्दाने कोणी सांगितलं नव्हतं, सांगणार कसं, तिथे सगळं इंग्लिशच. उदाहरणार्थ मी हेडिंगला ऐटीत लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीची जागा, दिलं, क्लासमध्ये तसं शिकवलं होतं, तर शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं सुटं लोंबायला लागलं. देवनागरीला ते द्यायचंच नाही. ओळींमधलं अंतर इंग्लिशच्या हिशोबाने अक्षराच्या साईजच्या १.२ पट ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो, आम्ही १.७ वर आलो तेव्हा कुठे पान मोकळं झालं. इटॅलिक नको, ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतो आणि ती फार वाईट दिसतात. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' अशी सांगायची, म्हणजे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आहे हे कळतं आणि फॉन्टात सोय असेल तर आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर हिंदीतला येतो. बघणाऱ्याला फरक सांगता येत नाही पण काहीतरी परकं वाटत राहतं.

फॉन्ट आम्ही 'मुक्त' नावाचा घेतला, 'एक टाइप' या मुंबईतल्याच फॉन्ट बनवणाऱ्या लोकांनी केलेला, फुकट आणि बारीक साईजला पण स्वच्छ. तेव्हा मॅडमनी सांगितलं की विंडोजमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा मंगल फॉन्ट पण मुंबईच्याच र. कृ. जोशींचा, कविता करणारे, सुलेखन करणारे आणि आयआयटीत शिकवणारे. मी लहानपणापासून तो फॉन्ट बघत आलेय आणि कोणीतरी माणसाने बसून एकेक अक्षर काढलं असेल असं कधी मनातच आलं नव्हतं.

मॅडमची अजून एक टेस्ट होती. पान तयार झालं की लॅबच्या मोठ्या स्क्रीनवर बघून ओके द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, आज घरी जाताना दादर ते घाटकोपर लेडीज डब्यात उभी राहून एका हाताने उघड, मग उद्या सांग. मी भांडुपची, संध्याकाळी सव्वासहाची स्लो, एक हात कडीला, त्यात मध्येच नेटवर्क जाणार. पहिल्याच दिवशी कळलं की वरचा मेन्यू अंगठ्याला पुरत नाही, आणि गॅदरिंगचे फोटो ५-५ एमबीचे टाकलेत म्हणून सायन गेलं तरी नोटीस उघडलेली नाही. तेच फोटो रुंदी कमी करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केले, दीडशे केबीच्या आत आले, दिसायला काडीचा फरक नाही. रिस्पॉन्सिव्ह डिझाईन (स्क्रीन लहान-मोठी असेल तसं पान आपोआप जुळवून घेणं) हा शब्द २०१०ला ईथन मार्कोट नावाच्या डिझाईनरने आणला हे मी परीक्षेला पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ मला कुर्ला स्टेशनच्या गर्दीत कळला. फिक्या राखाडी अक्षरांचं पण तसंच, लॅबमध्ये छान दिसतात, बाहेर उन्हात काही दिसत नाही. अक्षर आणि मागचा रंग यात निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, पाहिजे असा नियम आहे, तपासायचे टूल फुकट मिळतात, वापरा.

व्हिडिओचं मला आधी काहीच येत नव्हतं. पहिल्या सेमिनारचं दोन तासांचं शूटिंग वाया गेलं, पूर्ण व्हिडिओवर काळपट पट्टे वरून खाली सरकत होते, मला वाटलं कॅमेरा गेला आणि आता भरून द्यावा लागणार. कॅमेरा ठणठणीत होता. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झचा, म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, त्यामुळे हॉलमधल्या जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि मी अमेरिकन ट्युटोरियल बघून सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० शटर (प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड) ठेवलं होतं, त्यांच्याकडे ६० हर्ट्झ असतो म्हणून त्यांना ते चालतं. आपण २५ फ्रेम, १/५० शटर. एवढं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर दोन तासांचं भाषण वाचलं असतं, म्हणून मी आता भेटेल त्याला सांगते.

आवाजासाठी कॉलर माइक आणायला मॅडमनी लॅमिंग्टन रोडला पाठवलं, ग्रँट रोडला उतरून चालत. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "मोबाईलला लावायचाय का कॅमेऱ्याला?" पिनेवर दोन काळ्या पट्ट्या असतील तर कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाईलची, उलटी घेतलीत तर आवाज येणारच नाही. माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, ओढणी किंवा मंगळसूत्र घासणार नाही असा, पंखे बंद, आणि भाषण सुरू व्हायच्या आधी रिकाम्या हॉलचा दहा सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, तो असला की ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मागची घरघर बरीच काढता येते. लोक चित्र जरा हललेलं चालवून घेतात, आवाज खराब असेल तर लगेच बंद करतात, हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे. व्हिडिओचं एडिटिंग दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनवर केलं, कॉलेजच्या पातळीला तेच खूप आहे. सबटायटल मराठीत हाताने टाईप करायचो, कंटाळवाणं आहे पण त्याने माझं टायपिंग आणि शुद्धलेखन दोन्ही सुधारलं.

आता तक्रारी. तासाला ५५ रुपये, आणि ते पण तीन-तीन महिने उशिरा, पहिल्या वर्षी तर डिसेंबरचे मार्चमध्ये मिळाले. ज्या मुलांचा पास-डबा या पैशांवर चालतो त्यांच्यासाठी हे फार वाईट आहे आणि ऑफिसला हे दोनदा लेखी देऊनही काही झालं नाही. कॅमेऱ्याच्या कपाटाची चावी एकाच सरांकडे, ते रजेवर गेले की आम्ही मोबाईलवर शूट करणार. काही स्टाफ आपली घरची कामं पण सांगतात, मुलीचा प्रोजेक्ट करून दे, बायोडेटा बनवून दे, त्याला पहिल्यांदाच नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा, मी नाही म्हणू शकले नाही आणि चौथ्या सेमला सबमिशनच्या आठवड्यात त्याचा खूप त्रास झाला. सर्टिफिकेट म्हणून एक साधं पत्र मिळतं. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारी कोडिंगची भाषा, इथे जवळजवळ काहीच शिकायला मिळालं नाही, ते मी घरी एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकायच्या फुकट साईटवरून केलं. इंग्लिशमुळे अडत असाल तर आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल आहे, छोटे छोटे व्हिडिओ, बरेच मराठीत पण आहेत, आणि बाजूला सॉफ्टवेअर उघडं ठेवून थांबत थांबत करायचं अशीच त्यांची पद्धत आहे. पैसे लागत नाहीत.

पण इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला मी पिझ्झाची साईट दाखवली तेव्हा समोरच्यांनी मान हलवली फक्त, आणि नोटिसांचं पान दाखवून आधी कसं होतं, कोणाला अडत होतं, आम्ही काय बदललं हे मी सांगायला लागले तर तेच लोक पाऊण तास बोलत बसले. तो दृष्टिहीन मुलगा आता पास होऊन गेला, जाताना त्याने शेवटच्या सेमचा फॉर्म साईटवरची नोटीस ऐकून स्वतः भरला, लॅबमध्येच, मी बाजूच्या पीसीवर होते आणि त्याने मला हाक मारली नाही.

तुमच्या कॉलेजमध्ये असं काही आहे का हे ऑफिसच्या खिडकीवर विचारू नका, तिथे बरेचदा माहीत नसतं. सरळ लॅबमध्ये जा, दुपारी तीननंतर, प्रॅक्टिकल संपलेली असतात, आणि तिथल्या सर-मॅडमना विचारा. आमच्याकडे अर्ज ऍडमिशन झाल्या झाल्या, जुलैमध्ये घेतात आणि जागा तीनच असतात. क्लास लावायचाच असेल तर वर्षभर हे काम करून मग लावा, तेव्हा सरांना काय विचारायचं हे तुमच्याकडे तयार असेल.