बारावीनंतरची पहिली भाषा: पायथन की जावा?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी चार-पाच मुलं प्रोग्रामिंग शिकायला येतात. बारावी झालेली, बीसीए किंवा इंजिनिअरिंगला निघालेली. पहिल्याच दिवशी विचारतात, "काका, क्लास आणि ऑब्जेक्ट नीट समजून घ्यायचे तर पायथन घेऊ की जावा?" क्लास म्हणजे आराखडा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनलेली एकेक वस्तू. मी दोन्ही भाषांत काम केलंय, म्हणून अनुभवाचं सांगतो.

सुरुवात पायथनची सोपी, यात वाद नाही. सीबीएसईची मुलं तर अकरावी-बारावीतच त्यावर हात बसवून येतात. जावात मात्र पहिली ओळ छापायलाच पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड असे शब्द अर्थ न कळता घोकावे लागत. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये ते ओझं उतरलंय, पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्तीही भेटू शकते. शिवाय जावाचे स्वतःचे खड्डे आहेत. दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या माळा, सारख्या आहेत का हे दुहेरी बरोबर-चिन्हाने तपासलं, की अक्षरं तीच असूनही कधी कधी उत्तर 'नाही' येतं. कीबोर्डवरून टाइप केलेलं वाचणाऱ्या स्कॅनरने आधी आकडा आणि मग नेक्स्टलाइनने नाव वाचायला गेलं, की नाव रिकामंच राहतं. दर वर्षी कोणी ना कोणी यात अडकतं.

तरीही माझं मन जावाकडे वळलं, ते एका फराळाच्या हिशोबामुळे.

आमच्या वहिनी दिवाळीत चकली, अनारसे, चिवड्याच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्यासाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: गिऱ्हाइकाचा एक क्लास, त्यात नाव, फोन आणि बाकी, म्हणजे येणं असलेली रक्कम. आता 'बाकी' रोमन लिपीत लिहायचं तर 'ए' एक की दोन? मराठी शब्दांचं रोमन स्पेलिंग कुठे ठरलेलं असतं! कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना पहिल्यांदा चालणाऱ्या भागात, मी एक 'ए' लिहिला होता. पैसे जमा करण्याच्या मेथडमध्ये (मेथड म्हणजे ऑब्जेक्टने करायचं काम), जुन्या बाकीतून रक्कम वजा करून उत्तर ठेवताना, डाव्या बाजूला दोन पडले. पायथनने हूं की चूं केलं नाही. त्याच ऑब्जेक्टमध्ये दोन 'ए'वाली नवी बाकी तयार करून उत्तर तिच्यात ठेवलं. जुनी होती तशीच राहिली, आणि यादी छापली जात होती जुनीवरून. रावपुऱ्यातल्या एका आजींनी ६०० पैकी ४०० रुपये दिले होते, तरी वहिनींनी त्यांच्याकडे पूर्ण ६०० मागितले. "अगं, लक्ष्मीपूजनाआधीच दिले ना मी तुला?" आजी म्हणाल्या. वहिनींचा चेहरा पडला, आणि मला फार वाईट वाटलं. चूक सापडायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण एरर कुठेच नव्हती.

जावात हा प्रोग्राम सुरूच झाला नसता. क्लासमध्ये जाहीर न केलेलं नाव दिसलं, की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा, ओळ क्रमांकासह सांगतो: हे नाव मला सापडत नाही. नवशिक्याला याहून चांगला सोबती मिळणं कठीण, असं मला वाटतं. क्लास म्हणजे ऑब्जेक्टमध्ये काय असेल याचा आधी ठरवलेला आराखडा, ही गोष्ट जावा रोज हाताला लावते. पायथनमध्ये ती सांगावी लागते. 'प्रायव्हेट'चंही, म्हणजे क्लासबाहेरून हात लावू न देण्याचंही, तसंच. पायथनमध्ये नावाआधी अंडरस्कोर लावायचा आणि बाहेरच्यांनी हात लावू नये अशी अपेक्षा धरायची. जावात दुसऱ्या क्लासमधून बाकीला थेट हात घातला, तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. मग मुलं आपणहून विचारतात, "काका, मग बाकी बदलायची कशी?" आणि मेथड कशासाठी असते ते मला वेगळं समजवावं लागत नाही.

अर्थात, ज्याला लगेच डेटाचं काम करायचंय, एक्सेलच्या फायली उपसायच्यात, त्याने पायथन घ्यावं. तिथे ते सरस आहे. त्याने फक्त क्लासच्या सुरुवातीला स्लॉट्सची ओळ लिहून त्यात परवानगी असलेली नावं देण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. मग चुकीच्या नावात काही ठेवायला गेलं की निदान चालताना तरी एरर येते.

आमच्या रविवारच्या वर्गात मात्र दिवाळीपर्यंत जावाच चालतं, आणि वहिनींचा हिशोबही आता जावातच आहे.