‘दोन-तीन महिन्यांचंच राहिलंय’ म्हणणारा नवा क्लायंट

दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्याला नव्या क्लायंटचा पहिला फोन बहुतेक एकाच सुरात येतो : ‘‘फार काही नाही हो, महिन्याला ५०-६० एंट्र्या. मागचं दोन-तीन महिन्यांचं राहिलंय, तेवढं बघून घ्या.’’ फी ठरते ती महिन्याच्या कामावर. सॉफ्टवेअर उघडल्यावर कळतं, की १४ महिने हिशेब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवलेलाच नाही. तोवर शब्द देऊन झालेला असतो. मागचं निस्तरल्याशिवाय चालू महिना उभा राहत नाही, कारण या महिन्याची सुरुवातीची शिल्लक म्हणजे मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक. सगळं स्वच्छ झालं, की क्लायंट फोन उचलायचा बंद होतो. १४ महिन्यांचं काम एका महिन्याच्या फीत, कधी तीही नाही. या धंद्यात नव्याने उतरलेली कितीतरी मेहनती माणसं इथेच पोळतात.

म्हणून भेटीच्या चार-पाच दिवस आधीच कागद मागवा : सगळ्या बँक खात्यांची आणि कार्डांची मागच्या ३ महिन्यांची स्टेटमेंट, शेवटच्या बंद झालेल्या वर्षाचा ताळेबंद आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिल्लकांची यादी, म्हणजे ट्रायल बॅलन्स), शेवटचं बँक रिकन्सिलिएशन (हिशेब आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवल्याचा तक्ता), येण्या-देण्यांची तारीखवार यादी, कर्जाचे उतारे. ‘भेटल्यावर दाखवतो’ असं उत्तर आलं तर भेट जरूर घ्या, पण फीचा आकडा तोंडातून काढू नका.

स्टेटमेंट आली की ओळी मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही. ५०-६० सांगितलेल्या महिन्यात १४० ओळी निघाल्या आणि १४ महिने बाकी असले, तर १,९६० नोंदी झाल्या. नोंदीला २ मिनिटं धरली तरी ६५ तास. आणि २ मिनिटांत होते ती फक्त बिल जागेवर असलेली नोंद. बिल शोधावं लागलं की अर्धा तासही जातो.

‘तेरीज जुळतेय’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सॉफ्टवेअर एकतर्फी नोंद घेतच नाही, त्यामुळे तेरीज जुळणारच. जी नोंद केलीच नाही ती नावे आणि जमा दोन्हीकडून गायब असते. आधी सस्पेन्स खातं उघडा. तिथे मोठी रक्कम साचली असेल तर मागच्या माणसाने न कळलेलं सगळं तिथे ढकललेलं आहे. मग रोख खातं तारखेनुसार वर-खाली बघा. एखाद्या दिवशी शिल्लक उणे दिसली, तर काहीतरी लिहायचं राहिलंय : एखादी वसुली, नाहीतर मालकाने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे. शेवटी रिकन्सिलिएशनमधले न वटलेले चेक. मुदत उलटून गेलेला चेक अजूनही ‘वटायचा आहे’ म्हणून उभा असेल, तर त्या यादीकडे कित्येक महिने कोणी पाहिलेलं नाही.

पीडीएफ स्टेटमेंटमध्ये फेरफार झालेला असू शकतो. प्रत्येक पानावर सुरुवातीची शिल्लक, त्यात जमा मिळवा, खर्च वजा करा आणि पानाच्या तळाशी ताडून पाहा. फेरफार करणारा एखादी रक्कम बदलतो, पण पुढच्या प्रत्येक ओळीतली शिल्लक बदलायचं त्याच्याकडून बऱ्याचदा राहून जातं. भेटीत त्यांनाच बँकेत लॉगिन करायला सांगा आणि एक महिना तुमच्यासमोर डाउनलोड करून घ्या.

‘नमुना म्हणून एक महिना करून दाखवा’ ही तऱ्हा तर फारच वाईट. १२ जणांना वेगवेगळा महिना दिला, की वर्ष फुकटात पूर्ण. तुमची पद्धत दाखवायची असेल तर १० नोंदी पुरेत, त्याही तुम्ही निवडलेल्या.

फीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘चुकून जास्त गेले, उरलेले अमक्याला पाठवा’ असं कोणी म्हणालं तर एक पैसाही हलवू नका. खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नव्हे. नंतर तो परत आला, की पाठवलेले पैसे तुमच्या खिशातून गेले. ‘स्टेटमेंट’ म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि त्याच मेलमध्ये पासवर्ड आला, तर ती उघडू नका. पासवर्डमुळे आतलं काही अँटिव्हायरसला सहसा तपासता येत नाही. बँकेचं लॉगिन घ्यायची वेळ आलीच, तर फक्त बघण्यापुरतं घ्या. पैसे पाठवायचा अधिकार हातात असला, की उद्याच्या प्रत्येक गहाळ रकमेचा संशय तुमच्यावर.

भेटीला जाताना कराराचा मसुदा बरोबर ठेवा. मागचं काम वेगळं, त्याची फी वेगळी, निम्मी सुरुवातीला. महिन्याच्या फीत किती नोंदी, त्यावर गेल्या तर काय, आणि कोणत्या तारखेपासूनच्या नोंदींना तुम्ही जबाबदार, हे स्पष्ट लिहा. मागच्या हिशेबनिसाची फी चुकती झाली का, हेही विचारा आणि शक्य असेल तर त्याच्याशीच बोला. ‘‘एवढं कागदावर कशाला, विश्वास आहे ना?’’ असं म्हणून सही लांबवली, तर सही होईपर्यंत सॉफ्टवेअरचा पासवर्ड घेऊ नका.