पेपर न देता मिळालेले गणिताचे ७८ मार्क

समृद्धी महामार्गात आमचं साडेतीन एकर रान गेलं. कारंजा लाडजवळची काळी जमीन, बाबांनी खोदलेली विहीर, सारंच. मोबदल्याचे पैसे पोरीच्या शिक्षणासाठी एफडीत ठेवले होते. त्यातलेच साडेआठ लाख मी घालवले. माझं वय ३९, बीएस्सी ॲग्री, पंधरा वर्षं कृषी केंद्रात बियाणं-खतं विकली. पायलट व्हायचं शाळेपासून मनात होतं आणि ते मनात येणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

नागपूरला वर्धा रोडवरच्या, पायलट प्रशिक्षणाला प्रवेश मिळवून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं वयाचा प्रश्न पहिल्याच भेटीत मिटवला. "दादा, लायसन्सले कमीत कमी १८ वय लागते, वरची अट नाहीच. ६५ पर्यंत उडवता येते." हे खरं निघालं, म्हणून त्याचं पुढचं सगळंच खरं वाटलं. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांना, म्हणजे शिकवून पायलट म्हणून घेण्याच्या योजनांना, वयाची अट असते, हे तो बोलला नाही. २०० तासांचं उड्डाण करून लायसन्स मिळालं तरी मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायची परवानगी, वेगळं आणि त्याचे लाखोही वेगळे, हेही नाही.

खरी गोम गणितात होती. या लायसन्ससाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पाहिजे. मी जीवशास्त्र ठेवून गणित सोडलं होतं; आमच्याकडे कृषीला जाणारी पुष्कळ पोरं तेच करत. तो म्हणाला, "ॲग्रीवाल्यांसाठी ब्रिज कोर्स हाये न दादा. दीड लाख. पेपर द्याचं कामच नाही."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, पेपर न देता मार्क कुठून येतीन?" मी तिला गप्प केलं. गेलेल्या पैशापेक्षा हे मला जास्त सलतं.

नोंदणीचे दोन लाख, ब्रिजचे दीड, फ्लाइंग स्कूलच्या सीटचे पाच. काही रोख, बाकी एका बाईच्या बचत खात्यात. संस्थेच्या नावाचं खातंच नव्हतं, तिथंच उठून यायला हवं होतं. महिन्याभरात कुरियरनं प्रमाणपत्र आलं. गणित, ७८ मार्क.

पायलटचं लायसन्स देणारं सरकारी खातं म्हणजे डीजीसीए. त्याच्या परीक्षांना बसायला आधी कंप्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा ओळख क्रमांक लागतो आणि त्यासाठी बारावीची कागदपत्रं बोर्डाकडून पडताळून घ्यावी लागतात. मी स्वतः पडताळणीला पाठवलं, म्हणून वाचलो. असं प्रमाणपत्र आम्ही दिलेलंच नाही, असं उत्तर आलं. त्या दिवसापासून ऑफिसचा फोन बंद. ज्या फ्लाइंग स्कूलचं नाव सांगून पाच लाख घेतले, त्यांनी त्या माणसाला ओळखतच नाही म्हटलं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न मलाच झाला : हा बोगस कागद तुमच्या नावानं आहे, तुम्ही तो कुठं वापरला? त्या खुर्चीत बसून बाबांची विहीर डोळ्यांपुढे आली.

जे काम दीड लाखाला विकलं, ते सरळ मार्गानं काही हजारांत होतं. एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून बारावीच्या एकट्या गणिताची परीक्षा देता येते. कंप्युटर नंबरचा अर्ज घरबसल्या स्वतः भरता येतो, त्याला एजंट लागत नाही. आणि एक पैसाही देण्याआधी वैद्यकीय तपासणी करा. आधी क्लास टू ही पहिली तपासणी, मग क्लास वन ही वरची, डीजीसीएच्या यादीतल्याच डॉक्टरकडे. चाळिशीत बीपी, शुगर, डोळे, ईसीजी, कशात काय निघेल सांगता येत नाही. मला ती तपासणी "सीट पक्की झाल्यावर" करायला सांगितली होती. शाळा मान्यताप्राप्त आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहा आणि तिथं स्वतः जा. किती विमानं खरोखर उडतात, शिकणाऱ्यांना महिन्याला किती तास मिळतात, हे ऑफिसात नाही, त्या पोरांना विचारा. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षणाची विमानं उडतात; मी ती बघायला गेलो, पण पैसे गेल्यावर.

तपासणी आता केली, क्लास टूमध्ये फिट आहे. गणिताचा फॉर्म भरलाय, दहावीतल्या पोरीशेजारी बसून त्रिकोणमिती करतो. पुढे शिकायचे चाळीस-पन्नास लाख आहेत की नाहीत, ते तिचं शिक्षण पाहून ठरेल.

मंगरूळपीर, मूर्तिजापूर, दारव्ह्याकडच्या ज्यांनी वर्धा रोडवर असे पैसे दिलेत, त्यांनी लाजेपायी पावत्या, मेसेज, बँकेच्या नोंदी नष्ट करू नका. ऑनलाइन पाठवलेली रक्कम असेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि तो ब्रिजचा कागद कुठल्याही अर्जाला जोडू नका.