फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स, बर्मिंगहॅम : गोधडीवाल्यांनो, जाच!

यूकेत राहून शिवणकामाची आवड असेल तर एनईसी या मोठ्या प्रदर्शन केंद्रातलं क्विल्ट्सचं, म्हणजे गोधड्यांचं, हे प्रदर्शन चुकवू नका, २००३ पासून चालू आहे, चार दिवस असतं. मी यंदा स्पर्धेतही उतरले. फाइन आर्ट क्विल्ट मास्टर्स हा विभाग सोडला तर फोटो पाठवून निवडीची भानगड नाही, फॉर्म भरा, फी भरा, तुमची क्विल्ट प्रदर्शनात टांगली जाते. फक्त मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवायची, त्यातून दांडी जाते. माझी जुन्या सुती साड्यांची, सगळा हाताचा धावदोरा, आणि शेजारी लाँगआर्म मशीनवरची (गोधड्या शिवायचं मोठं मशीन) अशी काही की बघतच राहिले! बक्षीस नाही मिळालं पण जजेसचा लेखी अभिप्राय मिळतो तोच पैसा वसूल, टाक्यांचं कौतुक केलंय आणि बायंडिंगचे, म्हणजे कडेच्या पट्टीचे, कोपरे अजून टोकदार हवेत म्हणे, असो. हात लावायचा नाही हं, पांढरे हातमोजेवाल्या व्हॉलंटियरना सांगितलं की मागची बाजू दाखवतात, खरं काम तिकडेच कळतं. स्टॉल्सवर मात्र पाकीट सांभाळा, एकीकडे तर फॅट क्वार्टर (क्विल्टसाठी कापून विकतात तो पाव यार्डाचा कापडाचा तुकडा) ऑनलाइनपेक्षा महाग! शनिवारची गर्दी टाळा, आणि ट्रेननेच जा, बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला उतरलं की चालतच आत.