डीएलसी म्हणून गळ्यात मारलेलं ब्लॅकोडायझिंग

रबाळे, महापे भागात टूलरूम किंवा मोल्डिंग चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ‘डीएलसी कोटिंग (डायमंड-लाइक कार्बन, म्हणजे हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा पातळ थर) करून देतो’ म्हणत एक जण गाळ्यागाळ्यांतून फिरतोय. आम्हाला त्याने गंडवलं.

आमचा मोल्ड औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचा. तिथे तयार झाकण बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांना ग्रीस चालत नाही आणि कोरडे चालवले की पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे स्लीव्ह, एकमेकांना खातात. अशा कामाला हायड्रोजनवालं डीएलसी योग्यच आहे. निर्वात चेंबरमध्ये ॲसिटिलीनसारखा वायू प्लाझ्मात फोडून दोन-तीन मायक्रॉनचा कडक कार्बनचा थर बसवतात.

त्याच्या ब्रोशरवर घर्षणांक छापला होता ०.००३. गंमत म्हणजे आकडा खोटा नाही. अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत भरपूर हायड्रोजन असलेल्या डीएलसीवर याहूनही कमी घर्षण मोजलं गेलंय, पण कोरड्या नायट्रोजनमध्ये. कार्बनचे मोकळे बंध हायड्रोजनने झाकले जातात, म्हणून दोन पृष्ठभाग एकमेकांना धरत नाहीत. हवेतली वाफ मध्ये आली की हे गणित बिघडतं आणि तेच कोटिंग ०.१ किंवा त्याच्याही वर जातं. ठाणे-बेलापूर रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भर जुलैत, कोरडा नायट्रोजन कुठला? अर्थात कोरड्या स्टीलवर स्टील घासण्यापेक्षा ०.१ सुद्धा कितीतरी बरं. तेवढं मिळालं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

माल आला तो काळाभोर, दिसायला झकास. स्लीव्ह उजेडासमोर धरली तर अरुंद बोअर आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा काळा. तिथेच पाल चुकचुकली. इतक्या अरुंद, खोल भोकात प्लाझ्मा असा सरसकट पोचत नाही. ब्लॅकोडायझिंगच्या, म्हणजे रसायनात बुडवून स्टील नुसतं काळं करण्याच्या, टाकीतलं द्रावण मात्र आरामात पोचतं. मायक्रोमीटर लावला, पिनचा व्यास होता तेवढाच. दर बाजूला दोन मायक्रॉन धरले तरी चार वाढायला हवे होते. शेवटी एका रद्दी पिनवर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला. काळेपणा उतरला आणि खाली पांढरं स्टील दिसलं. डीएलसीला त्या ॲसिडने काही होत नाही.

फोन केला तर म्हणे, “साहेब, डीएलसी काळंच असतं ना?”

हाच माणूस हॉट रनरच्या नोझल टिपांनाही (मोल्डमध्ये वितळलेलं प्लास्टिक सोडणारी तापती टोकं) हेच कोटिंग करून द्यायला निघाला होता. हायड्रोजनवाल्या डीएलसीतला हायड्रोजन साधारण ३०० अंशांपुढे सुटू लागतो आणि थर मऊ ग्रॅफाइटकडे झुकतो. नायलॉनच्या कामात टिप त्याच पट्टीत चालते.

आता ऑर्डरवर मी कोटिंगचा प्रकार, थराची जाडी, घर्षणांक कोणत्या हवेत आणि किती आर्द्रतेत मोजला ते लिहून घेतो. सोबत त्याच स्टीलचा, त्याच बॅचमधला एक तुकडा मागतो. त्यावर रॉकवेलचा (कडकपणा मोजायच्या यंत्राचा) ठसा मारला की कडेने थर सुटतोय का ते भिंगातून कळतं. खरे कोटिंगवाले यातलं काहीच नाकारत नाहीत.

बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला निघाला. ॲडव्हान्स बुडाला. उरलेली रक्कम मी अडवली आहे, आणि ती वसूल करायला तो अजून फोन करतो.